हिरवं आलं की ओरडा

ति. आर्मासमामा,

तुमच्या धड पायाला वेइनीचा दंडवत. मोडलेल्याला पत्रातूनसुद्धा हात लावायची भीती वाटते. खुबा कसा आहे? इस्पितळात आपली काळी राय-धान्याची भाकरी मिळते की ते पांढरं, कापसासारखं काहीतरी देतात? इकडे हेल्वीमामी खुशाल, मांजर खुशाल, शेजारचे टाउनोकाका खुशाल (जरा जास्तच खुशाल, पण ते पुढे येईल). होडीच्या इंजिनाबद्दल सविस्तर लिहितो. तुम्ही आधी उशीला नीट टेकून बसा, आणि नर्सबाई जवळ असतील तर त्यांना जाऊ देऊ नका.

पहिली गोष्ट, काम झालेलं आहे. स्ट्रेचरवरून माझी कॉलर धरून तुम्ही म्हणाला होतात, "गारठ्याच्या आधी इंजिनाची हिवाळ्याची तयारी कर. टिकलं तर वसंतात होडीत माझ्याशेजारी बस. फुटलं तर तोंड दाखवू नकोस." ते मी विसरलेलो नाही. (विसरायला मामी देत नाही.) आजवर मला कुणी शेजारी बसवलं नव्हतं. वखारीतून काढलं, बेकरीतून काढलं, लॅपलंडात तर रेनडिअरांच्या देखत काढलं. तेव्हा हे काम मी जिवावर उदार होऊन केलं, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

थोडा उशीर झाला, हे खरं. इंजिनासाठी तेल आणि हिरवं पाणी (ते न गोठणारं) आणायला मी वेळेवर निघालो होतो. वाटेत एक मूस (हरीण कसलं, घोडाच तो!) तळं पोहून बेटाकडे चाललेला दिसला. पोचतो का ते बघायला थांबलो. पोचला. तोवर दुकान बंद. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर कुंपणाशी अळंबी उगवलेली... असो. शेवटी दुकानात गेलो तेव्हा तेल मिळालं, पण हिरवं पाणी गावानं केव्हाच उचललेलं. नवं थेट पुढच्या महिन्यात. आणि शनिवारी सकाळी बघतो तर धक्क्याच्या खांबांना बर्फाच्या बांगड्या! नाश्ता तसाच टाकून उठलो. इंजिनात तळ्याचंच पाणी खेळतं. ते गोठलं की बिडाचं लोखंडसुद्धा मडक्यासारखं फुटतं, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंय की मला स्वप्नंही त्याचीच पडतात.

पण देव आहे. होडीघरात, जाळ्यांच्या मागे, एक डबा सापडला. वर कवटी काढलेली आणि तुमच्या अक्षरात लिहिलेलं: "विष. इंजिनासाठी. हेल्वी, हात लावू नकोस." म्हटलं, हेच ते हिरवं पाणी! (मला भरून आलं. मामांना मामीची किती ती काळजी!)

मग सगळं तुम्ही शिकवलंत तसं केलं. इंजिन तापवलं, गरम असतानाच जुनं तेल काढून नवं भरलं, आत ओल धरू नये म्हणून डिझेलची टाकी काठोकाठ भरली. पाणी ओढणारी नळी तळ्यातून काढून बादलीत घातली आणि बादलीत डबा ओतला. टाउनोकाकांना धक्क्यावर, धुराच्या नळीपाशी (आतलं पाणीही तिथूनच बाहेर पडतं) उभं केलं आणि म्हटलं, "काका, मागून हिरवं आलं की ओरडा." त्यांनी मान हलवली. इंजिन चालू केलं. बादली संपत आली तरी ओरडणं नाही. आणखी ओतलं, डब्याच्या तळाशी थोडं राखलं, तरी नाही. डोकं वर काढून बघितलं तर काका धक्क्यावर गुडघे टेकून, नळीपाशी तोंड नेऊन, डोळे मिटून बसलेले. नाताळच्या प्रार्थनेलाही त्यांचा असा चेहरा होत नाही. मला वाटलं, किती मन लावून काम करतो हा माणूस! बादली संपली, इंजिन बंद केलं.

संध्याकाळी सौनाच्या वाफेत बसल्यावर त्यांना सहज विचारलं, "काका, हिरवं आलं होतं ना?"

"नाही."

"मग ओरडला का नाहीत?"

"हिरवं आलं की ओरडा, म्हणालास. आलं नाही. ओरडलो नाही."

निखाऱ्यावरच्या दगडांवर त्यांनी एक पळी पाणी टाकलं. मग बऱ्याच वेळानं, कुणी विचारलेलं नसताना (मी खरा घाबरलो तो इथे, हा माणूस विचारल्याशिवाय बोललेला कुणी ऐकलेला नाही) म्हणाले, "वास मात्र झकास होता."

मामा, त्या भट्टीत मला हुडहुडी भरली. तसाच पंचा गुंडाळून होडीघराकडे पळालो, डब्यात नाक घातलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. डब्यात काय होतं ते मी विचारणार नाही. बटाटे आणि साखर कुठे जाते असं मामी दरवर्षी विचारते, त्याचाही मी इथे उल्लेख करत नाही.

तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. रेडिओ म्हणतो, गुरुवारी रात्री शून्याखाली पंधरा. इंजिनाखालचा पितळी नळ उघडला तर सगळं वाहून जाईल आणि प्रश्न मिटेल. पण तुम्ही बजावलंय, "त्या नळाला हात लावलास तर तो तुटून तुझ्या हातात येईल, आणि मग तुझा हात मी तुझ्या हातात देईन." तेव्हा लावलेला नाही. चुलीत लाकूड तडकलं तरी होडीघराकडे धाव घेतो. आज सकाळी मामीनं कडक भाकरी मोडली, मी खुर्चीवरून पडलो.

पण तुम्ही काळजी करू नका. जोरकस माल गोठत नाही असं ऐकलंय, आणि तुमचा माल लेचापेचा कसा असेल? म्हणजे सगळं ठीकच आहे.

तुमचा (अजून तरी) भाचा,
वेइनी

ता. क. सगळं ठीक आहेच, तरी जोर किती होता तेवढं कळवाल का? कमी असेल तर नळाला हात लावायची लेखी परवानगी द्या. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणारी सिर्का उद्या, बुधवारी, हे पत्र तुमच्या हातात देईल आणि गुरुवारी सकाळी परत येईल. उत्तर असं लिहा की मामीला कळणार नाही.

ता. क. २. मामीला कळलं. माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. म्हणते, "त्याला लिही, कवटी छान काढलीस. दोन उन्हाळे झाले, तो एक पेला काढतो की मी एक पेला तळ्याचं पाणी घालते. जिभेला पत्तासुद्धा नाही मेल्याच्या." माझ्या तोंडचं पाणी पळालं, इंजिनातलं मात्र तिथेच. मी म्हटलं, मामी, मग आता त्यात पाणी किती असेल? म्हणाली, "मोजून नव्हते घालत. मन लावून घालत होते."

ता. क. ३. (बुधवार, सकाळ.) शेवटी डब्याच्या तळाशी राखलेलं पेल्यात ओतून रात्रभर धक्क्यावर ठेवलं. रात्री थंडी बऱ्यापैकी होती. पेला गोठला तर इंजिनाचं मरण, नाही तर जीवदान. सकाळी पेला रिकामा. टाउनोकाकांना गाठून विचारलं, "काका, गोठलं होतं का?" म्हणाले, "गार होतं."

ता. क. ४. तेव्हा जोराचं राहू द्या, नळाची परवानगीच पाठवा. तोवर इंजिनाला गुंडाळून ठेवलंय. दोन रजया, मामीची लग्नातली लोकरी शाल (आपणहून दिली, म्हणाली, "नवऱ्यापेक्षा हेच जास्त धड चाललंय"), आणि माझे झाडून सगळे कपडे. खरं सांगतो मामा, रविवारीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती. फुटल्याचा आवाज आला की पहिल्या बसनं पुढचं गाव, नेहमीसारखं. आता पिशवी रिकामी आहे. बाहेर सिर्का हॉर्न वाजवतेय आणि ओरडून विचारतेय, "काय रे, चढतोयस ना?" दर शरदात मी निघतो हे तिलाही पाठ झालंय. पण अंगात मामीचा झगा घालून माणूस जाणार कुठे? हे पत्र तेवढं तिच्या हातात देतो आणि पुन्हा होडीघरात जाऊन बसतो. आवाज आलाच तर पहिला मलाच ऐकू येईल.