वरीलप्रमाणे

सोमवार, ७ मार्च
लागली बाई एकदाची नोकरी. नगराच्या नोंदींचं कार्यालय: खोली एक, टेबल एक, माणसं दोन, मी आणि साहेब. दारावर दगडात ‘अ‍ॅक्टा’ कोरलंय. अर्थ विचारला तर साहेबांची कळी खुलली. लॅटिन शब्द आहे म्हणाले. मूळ क्रियापदाचा अर्थ हाकणं, त्यावरून करणं. अ‍ॅक्टा म्हणजे केलेल्या गोष्टी, आणि पुढे सरकारी नोंदींनाच ते नाव पडलं. म्हणून इथे गोष्ट घडल्यावरच लिहायची, आधी नाही, आणि लिहिलेलं खोडायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी मान डोलावली. पगार वेळेवर मिळणार असेल तर मी लॅटिनसुद्धा शिकेन.

शुक्रवार, ११ मार्च
रोज संध्याकाळी नोंदवहीत तेच लिहायचं: लेखनिक, म्हणजे मी, हजर, कोण आलं, कोण गेलं. सोमवारी ताईचं ऑपरेशन आहे. आई गेल्यापासून तिला मी आणि मला ती. रजा मागितली तर साहेबांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या आणि स्वतः महिनाभर लेकीकडे निघून गेले. मग मीही शक्कल लढवली. सोमवारची नोंद आजच करून टाकली: लेखनिक हजर, कोणी आलं नाही. त्याखाली ‘वरीलप्रमाणे’ लिहून पानाच्या तळापर्यंत रेघ ओढली. दिवसाला एक ओळ, म्हणजे महिना निकालात. आता सरळ ताईकडे.

सोमवार, १४ मार्च
पहाटेची बस पकडली. जरा डोळे मिटले, उघडले तर समोर कार्यालयाचं टेबल. तिकीट हातातच होतं. धावत बाहेर पडले. उंबरा ओलांडला की पुन्हा खुर्चीत. दिवसभर हेच चाललंय. ताईला एकटीलाच आत नेलं असेल. मला रडू आवरत नाही.

मंगळवार
नोंदवही उघडून पाहिली. लेखनिक हजर. खोडायला गेले तर त्या पानावर पेनातून शाई उतरत नाही. खिडकीतून ओरडले, रस्त्यावरच्या कोणी वळूनही पाहिलं नाही.

गुरुवार
पोस्टमन आला. फटीतून पत्र टाकलं. मग सहीसाठी कडी काढून पाय आत ठेवला आणि—तो नव्हताच. दार आपोआप लागलं. पायरीवर नुसती पिशवी.
कोणी आलं नाही. मीच लिहिलंय.
पत्र ताईचं, नर्सच्या अक्षरात. ऑपरेशन नीट झालंय. मी आले नाही म्हणून रागावलेली नाही, काळजीत आहे. घरी सोडलं की थेट इकडेच येते म्हणते.
देवा, तिला नको.

तारीख कळत नाही. रेघ अजून बरीच उरलीय—

ताई. खिडकीतून दिसतेय. हळू चालतेय, एक हात पोटावर. काच बडवली, तिला ऐकू जात नाही. पोस्टमनची पिशवी बाजूला सारली तिनं. मला लहानपणच्या नावानं हाका मारतेय—
हेच पान फाडून फटीतून बाहेर सरकवते—
ताई, मी बरी आहे. परत जा. कडीला हात लावू