धाकटीची सीडी

आई,

मी कामावर जातेय, सहापर्यंत येईन. धाकटीने पाठवलेला सीडी प्लेयर नीट लावून ठेवलाय. स्पीकरच्या वायरी केर काढताना ओढू नकोस.

बटण दाबलं की ट्रे आपोआप बाहेर येतो. तिच्या गप्पांची सीडी त्यात ठेवताना चकचकीत बाजू खाली हवी. काल तू जुन्या रेकॉर्डसारखी उलटी ठेवलीस, यंत्र गप्प बसलं, आणि खापर माझ्यावर फुटलं. लाडकीच्या वस्तूत खोट कशी असेल!

रिपीटचं बटण दाबलं की ती पुन्हा पहिल्यापासून बोलते. मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की ती कटकट होते. तिचं हवं तितक्यांदा ऐक.

तिला उत्तर द्यायचं असेल तर आधी पॉज दाब, ती तुझ्यासाठी थांबत नाही. काल ती बोलत असताना तू मधेच विचारलंस, "जेवलीस का गं, बाळा?" मी तिथेच टेबलाखाली दुसऱ्या स्पीकरची वायर जोडत होते. म्हटलं, "नाही अजून."

तू म्हणालीस, "श्शू, ऐकू दे."

– थोरली