पहिला काप

अक्का, आज दुपारी तुमच्या दुकानातलं सामान माझ्याकडे आलं. दोन खोकी आणि एक पोतं. कन्नड अक्षरांचे कागद चिकटवलेला तो जुना कीबोर्ड, फ्लॉपींचा डबा, सीड्या, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांची जाडी फाइल, आणि एक प्लास्टिकचं पाकीट. सप्तापूरहून उणकलपर्यंत रिक्षावाल्यानं तीनशे घेतले, वर खोकी जिन्यानं चढवायचे तीस. तुमच्या भाचीनं फोन केला होता, "आत्याचं कपाट रिकामं करतेय, रद्दीत घालण्याआधी तुम्ही बघून घ्या." तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि तुमचं सामान माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली येऊन बसलंय. पाकीट सोडून बाकी सगळं मी पुसून ठेवलं. पाकिटातलं जे निघालं ते बघून संध्याकाळचा दिवा लावला आणि मग हे लिहायला बसले.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, तीही मराठीतून. यांची हुबळीतली कंपनी बंद पडली होती आणि अमरगोळच्या बाजारात एका अडत्याकडे हे वह्या लिहायला जात होते. त्यात घर भागत नव्हतं. तुमच्या दुकानाच्या काचेवर कागद लावलेला होता, मराठी पत्रिका वाचून चुका काढणारं माणूस पाहिजे. मला वाटलं, चुका काढणं एवढंच काम. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "चुका काढशील, पण त्या दुरुस्त कोण करायचं? मी? बस इथं, तंगी." तुमच्या कन्नडातली धाकटी बहीण व्हायचंय का, असं मला कुणी विचारलं नव्हतं, पण त्या दिवसापासून मी तुमची तंगी झाले. "तीन महिने बघते. जमलं तर राहा. नाहीतर घर आहेच की, पळून कुठं चाललंय?" घरी हे म्हणाले, "मॅट्रिक बाईला कॉम्प्युटर? बरं, जा. तीन महिन्यांनी चूल वाटच बघत असेल." चिडवायला म्हणाले, पण मी ते तीन महिने जपमाळेसारखे मोजत होते.

शिकवायला तुम्हाला वेळ नव्हता. विद्यापीठाची पोरं प्रबंध घेऊन दारात उभी, लग्नसराईचे लोक आत. मी तुमच्या मागं उभी राहून बघायची आणि घरच्या वहीत उलट बाजूनं लिहून घ्यायची. पुढून वाणसामान, मागून तुमची विद्या. कुठलं बटण दाबलं की अक्षर जाड होतं, कुठलं दाबलं की केलेलं काम परत मागं जातं. पहिली पत्रिका केली तेव्हा कमान, कलश, मोर, तोरण सगळं घातलं आणि पाच रंग लावले. तुम्ही बघितलंत आणि डोक्याला हात लावलात. "यव्वा! तंगी, ही पत्रिका आहे का दसऱ्याची मिरवणूक? लग्न कुणाचं आहे हे शोधायला सोबत भिंग द्यावं लागंल." गिऱ्हाइकासमोर म्हणालात. मग मी मोर काढला, तोरण काढलं, दोन रंग ठेवले आणि नावं मोठी केली. दुपारी तुमच्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता माझ्या भाकरीवर आली.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खुपायची. तुमच्या दुकानात देव नव्हता. मी एकदा भीत भीत म्हटलं, "अक्का, एक फोटो लावू का? रोज उदबत्ती मी लावीन." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वायरी आहेत. जळंल सगळं." तुमच्या टेबलाचा खालचा खण कायम कुलपात असायचा. त्यात काय असतं म्हणून विचारलं तर म्हणालात, "बिलं." मला वाटायचं, ह्या बाईला कुणाचीच भीती नाही, ना माणसाची ना देवाची. आणि मी तर उंबऱ्यावर शिंकलं तरी मागं फिरून पाणी पिऊन जाणारी.

तिसरा महिना लागला आणि हुबळीच्या देवस्थानचं काम आलं. कमिटीतल्या एकांचा मुलगा अमेरिकेत होता. नवरात्राच्या आत देवीची इंटरनेटवर साइट व्हायला हवी, म्हणजे तिकडे बसून पोरांना दर्शन होईल. तुम्ही पुस्तकं बघून बघून दोन वर्षं साइटचं काम शिकला होता, पण एवढं मोठं काम तुम्हालाही पहिलंच. देवीचा फोटो आला. मळवट भरलेला, हिरवं लुगडं, डोळे असे की फोटोतसुद्धा मी पदर सावरला. तुम्ही मला बसवून सांगितलंत, "एवढा मोठा फोटो टेलिफोनच्या लाईनीवरून यायचा म्हणजे वेळ लागतो. मधेच लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वड्या पाडायच्या. बारा वड्या. आलेली वडी तिथंच राहते, मग उरलेल्या तेवढ्या येतात. शेजारी शेजारी मांडल्या की ताट अख्खं दिसतं. कळलं?" कळलं होतं. पण ज्या हत्यारानं वड्या पाडायच्या त्यावर सुरीचं चित्र होतं, अक्का. बारकी, तिरकी सुरी. मी माउस हलवला की ती सुरी देवीच्या कपाळावरून फिरायची.

मी भोवतीची कमान कापली. खालची फुलं कापली, दोन्हीकडच्या समया कापल्या. देवीवर सुरी नेली आणि बोट दाबलं जाईना. घरात दोन लेकरं, यांचं असं, आणि मी देवीचा गळा कापायचा? दुपारी चहा घेऊन आलात आणि विचारलंत, "झाल्या वड्या?" मी म्हटलं, "झाल्या." दुकानातल्या कॉम्प्युटरवर पान झटकन उघडलं, कारण फोटो तिथंच होता, लाईनीवरून यायचाच नव्हता. तुम्ही बघून "छान" म्हणालात. तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तोही खोटं बोलून.

गुरुवारी आपण दोघी हुबळीला गेलो. देवस्थानच्या ऑफिसात पाच माणसं खुर्च्या ओढून बसलेली आहेत. फोनची वायर काढून कॉम्प्युटरच्या मोडेमला लावली, ते यंत्र किंचाळलं, सगळे हसले. पान उघडायला लागलं. कमान आली. समया आल्या. फुलं आली. मधोमध पांढरं. "अक्कावरे, देऊळ आलं, देवी कुठं आहे?" एकांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "यायलीय, यायलीय. जागृत आहे, सावकाश येते." मग वरून मुकुट दिसायला लागला, रेघ रेघ करत. कपाळ. मळवट. डोळे आले तसे दोघांनी हात जोडले. मी मनात नामस्मरण करतेय, आई, लवकर ये, आई, लवकर ये. नाक आलं, ओठ आले, गळ्यापाशी आली आणि लाईन तुटली. खाली काही नाही. नुसतं पांढरं, आणि वर देवीचं शिर.

सगळ्यांत म्हातारे होते ते उठले आणि पडद्यावर स्वतःचा रुमाल टाकला. "हे काय अभद्र दाखवायला आणलंत नवरात्राच्या तोंडावर? केलं कुणी हे?" मी कापायची टाळली ती देवी लाईनीनं कापली, आणि तीही बरोबर गळ्याशी. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "मी केलं. फोटो जड ठेवला, माझी चूक. सोमवारी पुन्हा दाखवते. नाही पटलं तर काम दुसऱ्याला द्या."

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी होता. उणकलचं तळं दिसायला लागलं तेव्हा विचारलंत, "देवीच्या वड्या पाडल्या नव्हत्यास?" मी म्हटलं, "विसरले, अक्का." तुम्ही तळ्याकडेच बघत होता. "कमानीच्या विसरली नाहीस. समयांच्या विसरली नाहीस." मी म्हटलं, "खरंच विसरले." धारवाड येईपर्यंत मला एकच कळत होतं, उद्यापासून चूल.

पण दुसऱ्या दिवशी गेले तर तुम्ही माझी खुर्ची ओढून तिच्यावर बसला होता, आणि पडद्यावर देवी. मला म्हणालात, "तंगी, घरात अख्खा कोहळा आला तर तू कापतेस?" मी म्हटलं, "नाही. बायकांनी पहिली सुरी लावायची नसते, दोष लागतो. हे टाच देतात, पहिला काप त्यांचा, मग मी फोडी करते." "आणि हे घरात नसले तर?" "शेजारच्या अण्णांना हाक मारते." "हं. मग ह्या दुकानातला पुरुष मीच. बाजूला हो." तुम्ही सुरी घेतलीत आणि पहिली रेघ सरळ गळ्यावरून ओढलीत. वर नाही, खाली नाही. मग उठलात, "टाच दिली. आता फोडी कर," म्हणालात आणि बाहेर जाऊन एका विद्यार्थ्याशी पानांच्या दरावरून भांडायला लागलात. बाकीच्या रेघा मी ओढल्या. बोट अडलं नाही. मला खरंच वाटलं, पहिला काप माझा नाही, आता दोष माझ्याकडे लागत नाही.

सोमवारी देवी वड्यावड्यांनी आली. आधी पाऊल, मग मुकुट, मग एक हात. लाईन एकदा तुटली, पुन्हा लावली, उरलेल्या वड्या आल्या आणि चेहरा जुळला. त्या म्हाताऱ्यांनी पडद्यासमोर डोकं टेकलं. निघताना तुम्ही त्यांना म्हणालात, "हे हिनं केलंय." बसमध्ये मला म्हणालात, "तीन महिने झाले नं ग? उद्या जरा लवकर ये." एवढ्यावर मी राहिले. नऊ वर्षं राहिले. माझ्या दोन्ही पोरांचं शिक्षण त्या खुर्चीवर झालं.

आणि देवीच्या कामानंतर दोन वर्षांनी तुमचा उजवा हात गेला. सकाळी दुकान उघडताना कुलपाची किल्ली हातातून पडली आणि तुम्हाला ती उचलता येईना. मी धावत आले तर म्हणालात, "तंगी, हाताला काय झोप लागली की काय बघ." अर्धांगाचा झटका. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळ्या चुकवल्या म्हणून रागावले. तुम्ही महिनाभरात माउस डावीकडे घेतलात आणि हसलात, "डावरी झाले म्हणून सांग लोकांना." सगळे हसले. मला हसू येईना. मी तुमच्या उजव्या हाताकडे बघत होते. ज्यानं पहिली रेघ ओढली तोच हात. रक्तदाब मला कळतो, अक्का, मी अडाणी नाही. पण रात्री अंथरुणावर पडलं की रक्तदाब आठवत नाही, सुरी आठवते.

आज त्या पाकिटातून देवी निघाली. चकचकीत कागदावर छापलेली, अख्खी, न कापलेली. कडा पिवळ्या झाल्यात. कपाळावर आणि पायांवर हळदकुंकू आहे, आणि ते एका दिवसाचं नाही. थरावर थर बसलाय, नखानं खरवडलं तर पापुद्रा निघेल. पाकिटावर तुमच्या भाचीनं लिहिलंय, "टेबलाचा खालचा खण." पायांवरचं कुंकू नेमक्या जागी आहे, उजव्या हाताचं. कपाळावरचं वरचं मात्र जरा बाजूला सरकलेलं, वाकडं. ते डाव्या हाताचं असणार. म्हणजे हात गेल्यावरही तुम्ही कुंकू लावत होतात. आणि मी नऊ वर्षं तुमच्या शेजारी बसून समजत होते की ह्या बाईला भीती नाही, म्हणून हिला चालतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं. घडी करून वहीत ठेवीन, मागच्या बाजूला, जिथं तुमची विद्या आहे तिथं. मी विसरले नव्हते हे तुम्हाला तळ्यापाशीच कळलं होतं, तेव्हा ते सांगण्यात आता काही नाही. सांगायचं आहे ते दुसरं. ज्या दिवशी तुमचा हात गेला, त्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले, दोन्ही हात धुतले, बोटं उघडून मिटून बघितली, आणि देवापुढे साखर ठेवली. यांनी विचारलं, कशाची? मी म्हटलं, अक्का बऱ्या व्हाव्यात म्हणून. तशी नव्हती ती, अक्का, माझे हात वाचले म्हणून होती. तुमच्या देवीला आज मी कुंकू लावलंय, तुमच्याच थरावर. टाच देताना तुम्ही भ्याला होतात का, आणि भ्याला होतात तर मला का नाही सांगितलंत, एवढं उलट टपाली कळवा.