आक्का म्हणजे कोण

राजारामपुरी, कोल्हापूर
३० जुलै २०२५

चि. श्रीशैल यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याच्याकडे लक्ष दिलं तर तो जास्तच लाडात येतो, म्हणून देत नाही. चार दिवस पाऊस लागून आहे. नदीचं पाणी वाढलंय म्हणतात, भिण्यासारखं काही नाही.

रविवारी तुझा फोन आला, "ताई, बायको सुखरूप सुटली, मुलगी झाली," तेव्हा मी फोन ठेवल्यावरही मोठमोठ्याने "वा, वा" करत होते. भांडी घासायला आलेल्या बाळाबाई म्हणाल्या, "कुनासंगं बोलतायसा, बाई?" एवढ्या दिवसांत या घरात कुणी मोठ्याने बोललेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पुढे तू म्हणालास, "धा तारखेला बारसं हाय. आत्या तुम्हीच. कानात नाव तुम्ही सांगायचं. आक्काचंच नाव ठेवणार, गंगा." मी हो म्हणाले. मी येणार नाही, श्रीशैल. का, ते सांगायला हे पत्र.

तू हसशील की बाईंनी पोस्टाचं तिकीट कुठून शोधून काढलं. फोनवर बोलायला गेले तर तुझा आवाज ऐकून विषय बदलेन. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर पाठवून लगेच पुसून टाकेन. माझा मला भरवसा नाही. पेटीत टाकलेलं पत्र परत काढता येत नाही, तेवढ्यासाठी हा खटाटोप.

एकोणीस सालचा पूर आठव. मी मे महिन्यात शाळेतून निवृत्त झाले होते आणि हे जाऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या गल्लीतल्या ऋतुराजने मला पुराच्या ग्रुपमध्ये घेतलं. "बाई, तुम्ही नुसतं वाचा आणि तक्त्यात भरा," म्हणाला. तो ऑनलाइन तक्ता तुला माहीत आहेच. अडकलेल्या माणसाची ओळ लाल, बोट निघाली की पिवळी, सुटका झाली की हिरवी. पुण्याचे, हैदराबादचे, एकजण तर दुबईत बसलेला, सगळे त्याच एका तक्त्यात लिहीत होते. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. पण दिवसातून दहा जण विचारत, "ताई, जेवलात का?" मी त्यांच्या मेसेजमधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची आणि ते हसायचे.

खरं सांगते, तो पूर मला आवडला होता. बाहेर लोकांचे संसार वाहून जात होते आणि इथे खुर्चीत बसून मी सुखात होते. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

तू बंगळूरहून पाठवलेला मेसेज मला तोंडपाठ आहे. "आक्का माळ्यावर अडकली हाय. पाय सुजल्यात. उतरता येत न्हाई. लवकर बोट पाठवा." खाली गाव, गल्ली, तुझं नाव. मी ओळ भरली. क्रमांक दोनशे चौदा, लाल. पुण्याच्या एका मुलीने विचारलं, "आक्का हे नाव आहे की नातं?" मी ऐटीत लिहिलं, "नातं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात." त्यावर चार-पाच अंगठे आले. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई मी, मला कोण विचारणार?

संध्याकाळी जयसिंगपूरच्या कॅम्पातून मेसेज आला. "शिवलीला, श्रीशैलची थोरली बहीण, तान्ह्या बाळासह पोचली." मी दोन्ही मेसेज एकत्र केले. आक्का म्हणजे शिवलीला. ओळ हिरवी केली आणि पुढे लिहिलं, "सुटका झाली, कॅम्पातून निरोप." बोटींचं काम ऋतुराज बघत होता. त्याने विचारलं, "बाई, दोनशे चौदा पक्कं का?" मी लिहिलं, "पक्कं."

तुझा नंबर त्याच ओळीत होता. एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही, कारण मला खात्री होती.

तुमच्या गावातले फोन बंद पडले होते. तू बंगळूरला तक्ता उघडलास, आक्कापुढे हिरवा रंग पाहिलास आणि निवांत झालास. बोटी लाल ओळींकडे गेल्या. दीड दिवसाने शेजारच्या घरी गेलेल्या बोटीला माळ्यावरून तांब्या वाजवल्याचा आवाज आला. तेव्हा माळ्यावरच्या आक्का थंडीने काळ्यानिळ्या पडल्या होत्या. नऊ दिवस दवाखान्यात काढले आणि गेल्या.

तू फोन केलास, "आक्का गेली, ताई." मी म्हणणार होते, अरे, ती तर कॅम्पात सुखरूप आहे. शब्द जिभेवर होते. तेवढ्यात तूच म्हणालास, "आमची आई हो. काका लोक तिला आक्का म्हणायचे, त्यांचं ऐकून आम्हीबी आक्काच म्हणाय लागलो. अव्वा असं कधी म्हणलंच न्हाई. बहिणीला ताई म्हणतो." मग तू म्हणालास, "कॅम्पातनं निरोप गेला म्हंजे ताईनंच सांगितलं की. सोताचं लेकरू घिऊन बोटीत बसली आणि आई सुटली म्हणून मोकळी झाली. आता मला तिचं तोंडबी बघायचं न्हाई."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "रडून घे." तू रडलास आणि म्हणालास, "तुम्ही तरी हायसा, ताई."

त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं जगले. तुला दरवर्षी राखी पाठवली, तू दिवाळीला साडी पाठवलीस. तुझा फोन यायचा तो रविवार आठवडाभर पुरायचा. तू शिवलीलाचं नाव काढलंस की मी विषय गावातल्या उसावर नेत असे. मी विसरले नव्हते. मला भीती वाटत होती की खरं कळलं तर हा फोनही बंद होईल.

पण तुझ्या लेकीच्या कानाशी वाकून मी तुझ्या आईचं, गंगव्वांचं नाव कसं घेऊ?

काल पंचमी होती. मी शिरोलीला शिवलीलाकडे गेले. एमआयडीसीत तिचा नवरा कामाला आहे, मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. तिच्या सासरचा पत्ता मला तक्त्यातल्या कॅम्पाच्या नोंदीतूनच माहीत होता, सहा वर्षं माहीत होता. मी दारातच सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, "त्या दिशी बोटीत बायका-पोरं आधी म्हणून मला बसवलं. आक्का म्हणाली, 'तू हो म्होरं, मी येते मागनं.' कॅम्पात मी ज्याला त्याला सांगत हुते, आक्का ऱ्हायलीय, आक्का ऱ्हायलीय. जो तो मोबाइल बघायचा आणि म्हणायचा, सुटली की ती, दुसऱ्या कॅम्पात असंल. मी तान्हं पोर घिऊन तीन शाळा हुडकल्या."

मग ती म्हणाली, "सहा वरसं पंचमीला मला म्हायेर न्हाई, बाई. तुमास्नी ठावं हुतं?" मी म्हणाले, हो, ठाऊक होतं. तिने चहा टाकला, दिला, पण माझ्याजवळ बसली नाही. निघताना मी तिला म्हणाले, तूच भावाला फोन कर. ती म्हणाली, "मी सांगून त्यो ऐकायचा न्हाई. तुम्ही लिवा. भाची झाली ते मला दुसऱ्याकडनं कळलं."

तो तक्ता अजून माझ्या नावावर आहे. ग्रुपमध्ये आता अकरा जण उरलेत. शेवटचा मेसेज दोन वर्षांपूर्वीचा आहे, दिवाळीच्या शुभेच्छा. त्याला मी एकटीनेच उत्तर दिलं होतं. काल घरी येऊन मी दोनशे चौदा ओळ उघडली. हिरवा रंग काढला. आक्कापुढे "आई" लिहिलं. जुने बदल तपासून बघ, हिरवा रंग कुणी दिला आणि किती वाजता, ते तिथे दिसेल. एकच नाव आहे, ते माझं.

माझ्यावर हवं तेवढं रागव. माफी मागते, पण ती तू द्यावीस असा आग्रह नाही. मला एकटं राहायची सवय आहे, ती परत लावून घेईन.

या वर्षी पाकिटात राखी नाही. बारशाला शिवलीलाला बोलाव, कानात नाव तिला सांगू दे, आत्या ती आहे. हे पत्र वाचून झालं की लगेच फोन कर. तिने उचलला की आधी "ताई" म्हण. तो शब्द तिचा होता, मी सहा वर्षं ठेवून घेतला. आज परत करते.

गंगाला आशीर्वाद.

अस्मिता