बासरीतला दोष

३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. तिचा ग्रुप बरोक, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपी संगीताचा कार्यक्रम करतोय. लाकडी बासरीपासून चांदीच्या फ्लूटपर्यंत वाद्य कसं सुधारत गेलं, ते वाजवून दाखवणार. सुरुवातीची लाकडी बासरी मी वाजवायची! दातांचा दवाखाना सांभाळून केलेल्या साधनेचं चीज झालं. शेवटी आपण दोघं मिळून काहीतरी वाजवू, असं सुचवलं. म्हणाली, बघू. म्हणजे हो.

४ फेब्रुवारी
लहानपणी तिला मीच शिकवलं. सूर हुकला की फ्लूटला नावं ठेवायची. मग मी चारचौघांत सुनावायचो, दोष बासरीत नसतो, वाजवणाऱ्यात असतो. रडायची. पण त्यामुळेच घडली. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

५ फेब्रुवारी
आठला उठलो. लेकीने पाठवलेली बासरी आली. बोटाने दाबायची एकच चावी, बाकी नुसती भोकं. लाकूड थंड असलं की सूर उतरतो म्हणे. म्हणून तिचा फुंकायचा सुटा तुकडा स्वेटरच्या आत ठेवला. दवाखान्यातही. दाढ बघायला वाकलो आणि तो पेशंटच्या कपाळावर पडला. पेशंटला संगीताची आवड नसावी.

९ फेब्रुवारी
सूर चिरकतात. लाकूडच सदोष. हिला ऐकवलं. ही म्हणाली, दार लावून घ्या. एकाग्रतेसाठी सल्ला चांगला आहे.

१३ फेब्रुवारी
तालीम. ग्रुपमधल्या चेलोवाल्या बाईंना सांगितलं, बासरीत खोट आहे, दुसरी बघा. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही जसं वाजवता तसंच वाजवा. अगदी तसंच." इतका विश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता. डोळे भरून आले.

२० फेब्रुवारी
कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. माझं दोनदा चिरकलं, एकदा नुसतीच हवा गेली. लेकीने माइकवर विचारलं, हे वाद्य सुधारायलाच हवं होतं, असं वाटतं ना? लोक हसले. मीही हसलो. बासरीत खोट आहे हे मी आधीच सांगितलं होतं.
मग तिने माझ्या हातातून बासरी घेतली, फुंकायची जागा फडक्याने पुसली आणि म्हणाली, "पण माझे बाबा मला नेहमी सांगायचे, दोष बासरीत नसतो."
पुढचं बोलली नाही. त्याच बासरीवर अख्खा सोनाटा वाजवला. एक सूर हलला नाही. मला खुर्ची ठेवलेली नव्हती. साथीला पियानोसारखं हार्पसिकॉर्ड वाजवणारा माझ्याकडे बघायचं टाळत होता.
दोघांनी वाजवायचं राहिलं. वेळ कमी पडला असेल.

२१ फेब्रुवारी
ही म्हणाली, छान वाजवलं. कोणी, ते विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी
लेकीचा फोन. कार्यक्रम आणखी काही ठिकाणी ठरलाय, माझा भाग हवाच. अट एकच, मध्ये रियाज करायचा नाही. दोघांनी वाजवायचं पुन्हा विचारलं. म्हणाली, बघू.
हो म्हणालो. रियाज बंद. तशीही बासरी तिच्याकडेच आहे.