बिनधूर रस्ता

३ जानेवारी
हवा सुधार कक्षाचा प्रमुख झालो! इतकी वर्षं ड्रेनेज विभागात काढली, तिथून थेट हवेत. याला बढती नाही तर काय म्हणायचं? बायको म्हणाली, पगार तोच ना? तिला पदाची किंमत कळत नाही.
केबिनला खिडकी नाही, एसी आहे. योग्यच. शहराच्या हवेचा अभ्यास करायचा तर त्याच हवेत बसून कसं चालेल?
संकल्प: वर्षाच्या आत शहर मोकळा श्वास घेईल. सुरुवात बिट्टीच्या शाळेपासून. पोर सहावीत आहे. पावसाळा सरल्यापासून तिला धाप लागते, डॉक्टरांनी पंप दिलाय. शाळेपुढे सकाळी गाड्यांची झुंबड आणि नुसता धूर. पण आता तिच्या बापाच्या हातात अधिकार आहे. बघतोच धुराकडे!

९ जानेवारी
योजना तयार. नाव, 'बिनधूर रस्ता'. शाळा भरताना आणि सुटताना शाळेपुढच्या रस्त्यावर एकही गाडी नाही. कोपऱ्यावर बॅरिकेड, तिथून पुढे सगळ्यांनी चालत जायचं. साहेब म्हणाले, उत्तम, क्रांतिकारक. मग म्हणाले, माझा नातू त्याच शाळेत आहे, त्याचं दप्तर फार जड असतं. सूट दिली. एका गाडीने काय होतंय!

१२ जानेवारी
उद्घाटन दणक्यात. साहेब आले, त्यांच्या मागे गाड्यांचा मोठा ताफा. एक पत्रकार म्हणाला, हे कसं काय? मी सांगितलं, फीत कापेपर्यंत रस्ता कायद्याने साधाच होता. त्याने ते लिहून घेतलं.
मी स्वतः सायकलवर आलो. म्हणजे कोपऱ्यापासून. तिथपर्यंत ऑफिसची गाडी होती. सायकल शिपायाची, सीट उंच. पुढच्या वेळी नुसती हातात धरून उभा राहीन, फोटोत तेवढंच दिसतं.

१५ जानेवारी
पालकांचं शिष्टमंडळ. कुणाची कंबर धरलीय, कुणाला जुळी, कुणाला ऑफिस गाठायचंय. मी कठोर राहिलो. फक्त खऱ्या गरजूंनाच पास द्यायचं ठरवलं. दुपारपर्यंत पास संपले. उद्या आणखी छापून घेणे.
संकल्प: मी आणि बिट्टी कोपऱ्यापासून रोज चालत जाणार. आज उशीर झाला होता म्हणून गाडी आत घेतली. पास आहेच.

२१ जानेवारी
पास तपासायला गाडी थांबवावी लागते, त्यामुळे कोपऱ्यापासून थेट बाजारापर्यंत रांग. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पूर्वी गाड्या निदान निघून तरी जायच्या, आता सगळ्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. त्याला समजावलं, उभी गाडी म्हणजे रहदारी नव्हे. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. या लोकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

२६ जानेवारी
शाळेच्या फाटकावर हवा मोजायचं मशीन आणि मोठा बोर्ड बसवला. चालू केल्या केल्या लाल अक्षरं: 'अतिशय वाईट'. साहेब भडकले. म्हणाले, जिथे धूर आहे तिथेच मशीन लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?
डोकं लढवलं. मशीन तसंच ठेवलं, शब्द बदलले. आता बोर्डावर येतं: 'सुधारणेस भरपूर वाव'. अक्षरं हिरवी. साहेब खूश.
रात्री जेवताना बिट्टीने विचारलं, बाबा, वाव म्हणजे काय? मी सांगायच्या आत ही म्हणाली, तुझ्या बाबांच्या गोपनीय अहवालात दरवर्षी लिहितात ना, ते.
जेवण अर्धवट सोडलं नाही. रागावर ताबा हवा.

४ फेब्रुवारी
सकाळी बिट्टीला सोडायला दोघंही निघालो होतो. रांगेत अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या. बिट्टीला धाप लागली. पंप दिला, उतार नाही. ओठ निळसर दिसायला लागले. ही म्हणाली, गाडी काढा. काढणार कुठून?
अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्सला पास लागत नाही, नियमावलीत मी स्वतः तसं लिहिलंय. पण ती आमच्याच रांगेच्या शेपटाला येऊन उभी राहिली.
मी उतरून बॅरिकेडकडे धावलो. तिथला वॉचमन नवा. म्हणाला, पास? मी खिसे चाचपत राहिलो. मागे वळून बघतो तर हिने बिट्टीला पाठीवर घेतलेलं, चपला गाडीतच, आणि गाड्यांच्या फटींतून दवाखान्याकडे पळत होती. मी हाक मारली. तिने वळून बघितलं नाही.
बिट्टीला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.
आणलंत म्हणाले. मी तिथे उभा होतो, म्हणून मलाच म्हणाले असतील.
पास शर्टाच्या खिशातच होता.

५ फेब्रुवारी
उपाय सापडला. उद्यापासून दोन रांगा.

११ फेब्रुवारी
ही बिट्टीला घेऊन मावशीकडे गेली. लहानसं गाव आहे, डोंगराच्या कुशीत. हवापालट. शाळेचा दाखला कशाला नेला ते कळलं नाही, सवय म्हणून नेला असेल. जाताना हिने विचारलं, तुमची हवा कधी सुधारणार? म्हटलं, मार्चमध्ये अहवाल येतो. हिने बॅग उचलली. पूर्वी निदान भांडायची.
घर शांत आहे. कामाला बरंच.

२० मार्च
अहवाल मंजूर! वाटलेले पास हा लोकसहभागाचा पुरावा, असं मी मांडलं. साहेबांनी टेबल थोपटलं. योजना आता शहरातल्या सगळ्या शाळांना लागू.

२१ मार्च, रविवार
मावशीकडे फोन केला. बिट्टीने उचलला. आवाज खणखणीत. म्हणाली, इथल्या शाळेत धावण्याच्या शर्यतीत तिसरी आले, पंप महिनाभर लागलेला नाही. फार आनंद झाला. विचारलं, तिथल्या पंचायतीने हवेसाठी काय काय उपाय केलेत? नीट बघून सांग, मला टिपून घ्यायचंय. म्हणाली, काहीच नाही केलं. म्हटलं, अरेरे, मग मीच एकदा येऊन सगळी पाहणी करतो, योजना लिहून देतो.
मग हळूच म्हणाली, नको ना बाबा. इथे काही करू नका.
केवढी काळजी पोरीला! बापाची दगदग बघवत नाही तिला.