मिशीचा पाठ

गुरुवार, संध्याकाळ. सांगली.

मिशी गेली. लिहून टाकलं म्हणजे कदाचित पटेल.

निम्मं आयुष्य संस्कृत शिकवून पन्नाशीत विशेष शिक्षणाच्या एम.एड.ला बसलो, त्याचं हे फळ. काल कर्णबधिर मुलांच्या शाळेत सराव पाठ घेतला. वर्ग माझ्या तोंडाकडे टक लावून बसला होता. मी मनातून सुखावलो. पाठ संपल्यावर आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "आवं सर, पोरं ओठ वाचत्यात. तुमचा वरचा ओठ हाय कुठं?" आज पुन्हा पाठ होता; मुलांना कळला नाही तर वर्ष वाया जाणार होतं.

आणि मी जन्मभर स्पष्ट उच्चारांवर व्याख्यानं झोडली! ओठ झाकून.

काल रात्रीच उंब्रजला बायकोला फोन केला. "मिशी बघूनच तर मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मग ठेवू?"

"आता काय, लग्न तर झालंय. काढा."

सुभेदार वडिलांना अजून सांगितलेलं नाही. मिशी काढायला लागलं त्याहून जास्त धैर्य लागेल.

आजचा पाठ मुलांना कळला. मागच्या बाकावरच्या सानियानं तर फळ्यावरची माझी चूकही दाखवली. बाईंनी पास केलं. मग सानियानं हवेत मिशीला पीळ भरला. बाई म्हणाल्या, "खुणंच्या भाषेत तुमचं नाव हाय ते. पोरांनी कालच ठेवलंय."

मिशीच नाही, तर नाव कसलं? मुलांनी हातवारे करून बराच खल केला. नवं नाव ठरलं: आधी पीळ भरायचा, मग तळहातानं ओठ पुसायचा. बहुधा 'कैलासवासी मिशीवाले'.

मला ते नीट जमेपर्यंत वर्गानं सोडलं नाही.